‘जाहिरात’ म्हणण्याआधी लेख तरी पूर्ण वाचा

नमस्कार. ‘सोयाबीन आणि कोलेस्टेरॉल’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपलं म्हणणं असं: सोयाने एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) जेमतेम तीन-चार टक्के उतरतं, आयसोफ्लेव्होनचा (सोयाबीनमधल्या एका नैसर्गिक घटकाचा) उपयोग सिद्ध झालेला नाही, अमेरिकेची एफडीए (अन्न आणि औषध प्रशासन) सुद्धा मागे फिरली आहे, आणि ‘असले लेख म्हणजे सोया कंपन्यांची फुकट जाहिरात आणि लोकांच्या जिवाशी खेळ’.

जाहिरात? लेखात एका तरी कंपनीचं नाव असेल तर दाखवा. मी लिहिलंय ते वाण्याकडे सुट्या मिळणाऱ्या सोयाबीन वड्यांबद्दल. लातूरकडे आमची कोरडवाहू शेती आहे. सोयाबीन निघालं की अडतीवर जातं, त्याचं तेल निघतं, पेंड कोंबडीखाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातलं काहीच येत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. ते यावं असं वाटणं ही जाहिरात नव्हे.

आणि जिवाशी खेळ? माझ्या वडिलांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना कागदावर ‘तेलकट, मटण बंद’ एवढंच लिहून मिळालं. रोज दोन वेळा मटण-रस्सा मागणाऱ्या माणसाला त्याऐवजी काय वाढायचं, हे कुणीच सांगितलं नाही. आईने काळ्या मसाल्यात वड्यांचा रस्सा करायला घेतला. वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कमी तेलात. वडील तो आवडीने खातात आणि त्यांचं एलडीएल आटोक्यात आहे. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी एक दिवसही सुटलेली नाही. ती बंद करा असं मी कुठे लिहिलंय? तुमच्या घरात असं दुखणं आलंय की नाही मला माहीत नाही, पण ज्याने ते काढलंय तो ‘खेळ’ हा शब्द इतक्या सहज वापरत नाही.

एक मान्य करतो. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल विकत घेण्यात अर्थ नाही, हे तुमचं बरोबर आहे. माझा भर वड्यांवरच होता.

राहिले आकडे. १९९५ साली अँडरसन या संशोधकांनी ३८ प्रयोग एकत्र तपासले. त्यात दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिनं होती आणि एलडीएल सुमारे १३ टक्के घटलं होतं. १९९९ मध्ये एफडीएने ‘दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनांनी हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो’ हा दावा मान्य केला. इतकी प्रथिनं साधारण ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून मिळतात. पुढे २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नवे प्रयोग पाहून ती घट तीन टक्क्यांवर आणली, आणि २०१७ मध्ये एफडीएने दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. हे सगळं मला ठाऊक आहे. पण २००६ च्या त्याच निवेदनात म्हटलंय की सोयाचे पदार्थ हृदयाला हितकारक ठरू शकतात, कारण त्यांत संपृक्त (कोलेस्टेरॉल वाढवणारी) चरबी कमी असते, बहुअसंपृक्त (हृदयाला चांगली) चरबी आणि तंतू जास्त. म्हणजे चरबीच्या मटणाजागी वडी आली की फायदा दोन्हीकडून. माझा सगळा लेख याच मुद्द्यावर होता, आणि नेमका तोच तुम्ही वगळलात.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त यापुढे माझ्या हेतूवर शंका घ्यायची असेल तर पुरावा द्या, आणि टोपणनाव सोडून स्वतःच्या नावाने लिहा.