मना नंबर आजून उना नही

आमच्या माजी फौजींच्या कट्ट्यावर सकाळी राम राम झाला की पुढचा प्रश्न ठरलेला, आमच्या अहिराणीत. "काय भो, जित्ता शे का?" म्हणजे, जिवंत आहेस का? समोरचाही तयारच असतो. "काय करू भो, मना नंबर आजून उना नही. वर भरती बंद शे." माझा नंबर अजून आला नाही, वर भरती बंद आहे. मग तिसरा कुणीतरी माहिती पुरवतो की भरती चालू आहे, पण तुला मेडिकलमध्येच बाहेर काढतील. एवढं झाल्यावर चहा येतो.

मध्यंतरी आमच्यातल्या एकाचा मुलगा पुण्याहून आला होता. वडिलांना स्कूटरवरून सोडायला आला, हे सगळं ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. "सकाळी सकाळी असलं अभद्र का बोलता?" म्हणाला. पोरगा गुणी आहे, काळजीनंच बोलला. म्हाताऱ्यांची मनं खचली आहेत असं त्याला वाटलं असावं. तिथं त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याला घाई होती आणि आमचा चहा गार होत होता. म्हणून इथं लिहितोय.

कट्टा म्हणजे अमळनेरातल्या एका मैदानाच्या कडेची सिमेंटची दोन बाकं. आबा तोफखान्याचे, ६५ आणि ७१ ची दोन्ही युद्धं पाहिलेले. बापू ईएमईचे, म्हणजे पलटणीच्या गाड्या दुरुस्त करणारे. हवालदार महार रेजिमेंटचा, त्याला सगळं गाव हवालदारच म्हणतं. मी सिग्नलचा, म्हणजे वायरलेसवाला, आणि वयानं सगळ्यात लहान, म्हणून पासष्टी उलटली तरी चहा सांगायची ड्यूटी माझ्याकडे. समोर भरतीची पोरं पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण मार्क. आबा घड्याळ लावून बसतात आणि प्रत्येकाला सांगतात, "आम्हीबी सोळाशे मीटर काढतो रे, फक्त मधी एक मुक्काम लागतो."

आता मुद्द्याचं. बाकीच्या नोकरदारांना म्हातारपण एकदाच येतं, साठीच्या आसपास. फौजीला ते दोनदा येतं. आमच्या काळात जवानाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं लागायची. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेला पोरगा पस्तिशी-चाळिशीत पेटी घेऊन घरी येतो. केस काळे, छाती तशीच आणि नावापुढे 'माजी'. गावातली त्याच्या वयाची माणसं अजून पोरांचे दाखले काढत असतात आणि ह्याचा निरोप समारंभ उरकलेला असतो. मग कुठं बँकेच्या दारात डबल बॅरल घेऊन उभं राहा, कुठं कारखान्याच्या गेटवर रजिस्टर लिही. पस्तिशीतला साहेब "ए फौजी" म्हणतो ते ऐकून घे. आम्ही जेवढी वर्षं वर्दीत काढली त्याच्या दुपटीनं 'माजी' म्हणून काढली आहेत. म्हातारपणावर विनोद करायचा सराव आमचा इतरांपेक्षा जुना आहे, एवढंच.

त्यात फौजेनं आम्हाला शरीर मोजायची भाषाच देऊन ठेवलीय. मेडिकल कॅटेगरीला 'शेप' म्हणतात. एस म्हणजे डोकं, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे बाकीचं शरीर, ई म्हणजे डोळे. सगळीकडे एक असेल तर माणूस शेप-वन. नोकरीत असताना ह्याची धास्ती असायची. कॅटेगरी खाली आली की प्रमोशनवर गदा. आता दर सोमवारी कट्ट्यावर मेडिकल बोर्ड बसतं. बापूंचा मोतीबिंदू निघाला, ई सुधारला. हवालदाराचे गुडघे गेले, ए घसरला. माझं एस कधीच एक नव्हतं असं सगळ्यांचं एकमत आहे.

आबांचा एच तर इतिहासजमा. पंचवीस पौंडी तोफेजवळ उभं राहून कान गेले. कानात कापूस कोंबायचे, पण नंबर एकची, म्हणजे तोफेच्या प्रमुखाची, आज्ञा ऐकू यायला हवी म्हणून एका कानातला काढून ठेवायचे. तोच कान आधी गेला. आता डाव्या बाजूनं बोललेलं त्यांना ऐकू येत नाही आणि उजव्या बाजूनं बोललेलं सोयीनं येतं. उसने पैसे मागायचे तर कुठल्या बाजूला बसायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आहे. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं.

रात्रीचं सांगायलाच नको. प्रोस्टेटनं आम्हा सगळ्यांना परत संतरी केलंय, दर दोन तासांनी ड्यूटीवर. अंधारात खुडबूड झाली की हवालदाराची बायको झोपेतच विचारते, "कोण?" आणि हा सवयीनं म्हणतो, "दोस्त!" गोळ्यांवरच्या विनोदाला मात्र आमच्याकडे बंदी आहे. पूर्वी झाडायच्या, आता गिळायच्या, हे इतक्या वेळा झालंय की जो काढेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा.

नोव्हेंबर उजाडला की सगळ्यात मोठा तमाशा हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं. २०१४ पासून ते अंगठ्यावर आलं. आमच्या बोटांवर रेषा राहिल्यात कुठं? आधी केबल ओढली, मग शेतात विळा-कोयता. मशीन तीनदा 'नाही' म्हणालं तेव्हा आबा काउंटरवरच्या पोरीला म्हणाले, "बाई, घाई करू नको, मीपण अजून नक्की ठरवलं नाही." आता चेहरा दाखवूनही होतं. मोबाईल धरून ती पोरगी बापूंना म्हणाली, "काका, डोळे मिचकावा." बापूंनी एकच मिचकावला. बापूंचा आजवरचा सगळ्यात बेशिस्त पराक्रम म्हणून कट्ट्यावर त्याची नोंद आहे.

जुन्या आठवणींचं म्हणाल तर लोकांना आमच्याकडून एकच ऐकायचं असतं. लग्नात जेवणाच्या पंगतीला कुणीतरी शेजारी बसतो आणि विचारतो, "काका, किती मारले?" त्याच्या ताटात शेवभाजी, हातात पुरी. काय सांगणार? सिग्नलवाल्यानं मारलेल्या असतात त्या हाका. "हॅलो, कसं ऐकू येतंय, ओव्हर." अजून माझ्या तोंडून फोनवर 'ओव्हर' निघतं आणि बायको स्वयंपाकघरातून 'आऊट' म्हणून मोकळी होते.

मला आठवतात ते बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड. सियाचिनवर १९८४ च्या एप्रिलात ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, त्यानंतर एक-दोन वर्षांनी आमचा नंबर लागला. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळीसच्या पुढं, आणि वर उणे चाळीस. एका माणसानं एका वर्षात पंच्याऐंशी अंशांचा फरक अंगावर काढायचा.  वरती अंडं दगड व्हायचं, टूथपेस्ट काठी व्हायची. वायरलेसची बॅटरी थंडीनं मरू नये म्हणून रात्री स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपायचं. तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षी बायकोपेक्षा जास्त रात्री बॅटरीसोबत काढल्या हे मी घरी अजून मोजून सांगितलेलं नाही.

तर आईनं पेटीत ज्वारीचे बिबडे घातले होते. एका रात्री रॉकेलच्या स्टोव्हवर भाजायला घेतले. त्या छोट्या बंकरमध्ये स्टोव्ह सतत चालू, नाक शिंकरलं तर रुमाल काळा. बिबडा फुलला, पण वास सगळा रॉकेलचा. शेजारचा गढवाली म्हणाला, "यार, ये तो गत्ता है." मग चव बघतो म्हणत त्यानं डबा संपवला. माझ्या वाट्याला कोपऱ्यातला चुरा आला. तो चुरा मी हातमोजा काढून बोटानं टिपून खाल्ला, बोट बधिर होईपर्यंत. कुणी विचारलं की सियाचिन कसं होतं, तर मला आधी त्या तिखट चुऱ्याची चव आठवते. शाळेत २६ जानेवारीला हे सांगून चालत नाही. तिथं 'शत्रूच्या छाताडावर' वगैरे लागतं.

जाण्यायेण्याचं तर वेगळंच पुराण. सुरतेच्या पॅसेंजरनं भुसावळ, तिथून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूतवी. वॉरंट, म्हणजे सरकारी प्रवासाचा पास, हातात, काळी पेटी आणि बिस्तरा. रिझर्व्हेशन नसलं की पेटी हेच सीट. सुट्टी मागायची तर त्याहून अवघड. दिवाळीची सगळ्यांना कळते. अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, कुणाला कळणार? मी साहेबांना सांगायचो, सर, बहीण माहेरी येते, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस असतो. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "और लड़ाई कौन करेगा, तुम्हारी सिस्टर?" श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या सणाच्या वेळी तर मी प्रयत्नच सोडला. नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भाऊबंदकी एका घरात रोट खायला जमते आणि एक जण कमी असला तर बायका वर्षभर बोलून दाखवतात, हे हरियाणाच्या माणसाला हिंदीत कसं पटवून देणार?

आणि बायकांचंही लिहायलाच हवं, कारण आमच्या विनोदात त्यांना आम्ही 'घरची सीओ', म्हणजे कमांडिंग ऑफिसर, म्हणतो आणि तिथंच थांबतो. हे मला आवडत नाही. आम्ही रांगेत लंगर खात होतो तेव्हा कपाशीचं बियाणं कुठून आणायचं, सासऱ्यांना धुळ्याला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे त्या ठरवत होत्या. पत्ता एकच, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. नवरा नेमका कुठल्या डोंगरावर आहे हे त्यावरून कळायचं नाही. आमच्या थोरल्याच्या जन्माची बातमी मला मिळाली तेव्हा त्याचं बारसंही होऊन गेलं होतं. त्यांच्या गप्पा आमच्यापेक्षा चटकदार असतात, दुपारी वाती वळताना ऐकाव्यात. आम्ही गेलो की बंद पडतात, त्यामुळे मलाही फार माहीत नाहीत.

त्या पुण्याच्या मुलाला खरं सांगायचंय ते हवालदाराबद्दल. हवालदार १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेला होता. त्या तीन वर्षांत आपली बाराशेच्या आसपास माणसं तिथं गेली. परत आलेल्यांचं गावात काही विशेष झालं नाही. लोकांना ते युद्ध धड माहीतही नव्हतं. हवालदार तिथल्या एका दोस्ताचे किस्से सांगतो. नारळावर चढला आणि उतरता येईना, बूट उलटे घालून फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत आला, लंगरच्या कुकला कसं फसवलं. आम्ही दरवेळी हसतो, शेवट पाठ असूनही. तो दोस्त परत आला नाही हे हवालदार कधी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

दिल्लीला २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारक झालं. तिथं त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या पाट्यांत नावं कोरली आहेत. हवालदार नातवाला घेऊन गेला. गुडघ्यांची बोंब असताना एकेक भिंत वाचत फिरला. नाव सापडलं तेव्हा त्यावर बोट ठेवून नातवाला म्हणाला, "हा बघ चोर. माझ्याकडून वीस रुपये घेतले आणि इथं येऊन लपला." नातू हसला. घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं की आजोबा हसत होते, पण बोट काढत नव्हते. आम्हाला हे सुनेकडून कळलं. हवालदारानं कट्ट्यावर एवढंच सांगितलं की वीस रुपये बुडाले.

म्हणून म्हणतो, बाबांना 'असं बोलू नका' सांगू नकोस. शाल-नारळ देऊन माईकपुढे उभं केलं की आम्ही ठरलेलं बोलतो, तेही खोटं नसतं. पण त्यात तो नारळावर अडकलेला माणूस येत नाही. तुझ्या वडिलांनाही असाच कुणीतरी आहे. त्याचा किस्सा आम्हाला पाठ आहे, तुला माहीत आहे का ते मला ठाऊक नाही.

बरं, ताजी बातमी. आबांची कागदावरची ऐंशी यंदा भरली. ऐंशीला मूळ पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ मिळते, मग दर पाच वर्षांनी दहा-दहा टक्के, आणि शंभरीला सरळ शंभर टक्के. जन्मतारीख अर्थातच एक जून; गुरुजींनी आमच्या निम्म्या पिढीला त्याच दिवशी जन्माला घातलंय. पण आबांनी परवा कबुली दिली की बासष्टच्या युद्धानंतर मोठी भरती निघाली तेव्हा ते सोळाचेच होते. दोन वर्षं वाढवून सांगितली आणि घेतले गेले. म्हणजे खरी ऐंशी अजून दोन वर्षं लांब आहे. "पोरपणी खोटं बोललो त्याचं व्याज आता सुरू झालं," म्हणाले.

बापूंचं म्हणणं, पार्टी आत्ता नको, शंभरीला शंभर टक्के मिळतील तेव्हा एकदमच मोठी करू. ते आबांच्या उजव्या बाजूनं बोलले होते, तरी आबांना ऐकू गेलं नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी रविवारी ठरली आहे. कॅन्टीनचा कोटा ज्यानं त्यानं आपापला आणायचा.