फडके न वाचता फडक्यांवर दीड तास

इंदूरहून व्याख्यानाचं आमंत्रण आलंय? विषय 'ना. सी. फडके : व्यक्ती आणि कादंबरी'? अजिबात घाबरू नका. गेल्या रविवारी एका पाहुण्यांनी हे काम आमच्यासमोर इतकं झकास उरकलं, की त्यांची रीत मी लिहूनच ठेवली.

सुरुवात 'इतक्या लांब राहून तुम्ही मराठी जपलीत हो!' अशी करा. आम्ही हे पहिल्यांदाच ऐकत असतो.

फडके मात्र वाचू नका. वाचले की घोळ होतो. ज्यांची 'गुलाबी, गुलाबी' म्हणून टर उडवायची, त्यांनी १९२७ साली संततिनियमनाची बाजू मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि त्याला मार्गारेट सँगरबाईंची प्रस्तावना आहे, हे कळलं तर पुढचे विनोद कोणत्या तोंडानं कराल? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातला हा प्राध्यापक कादंबरी घड्याळजीसारखी जुळवायचा. वर ती कशी जुळवायची, तेही 'प्रतिभासाधन' लिहून सगळ्यांना सांगून मोकळा झाला. हेही टाळाच.

सालं सांगू नका. 'अल्ला हो अकबर' १९१७ची म्हणालात, की मागच्या रांगेतून एखादे आजोबा उठतील, 'भिया, त्याच साली इंदूरला संमेलन भरलं होतं!' पुढची पंधरा मिनिटं त्यांची.

कमलाबाईंचं नाव फक्त दुसऱ्या लग्नापुरतं घ्या. त्याही कादंबऱ्या लिहीत, हे कशाला?

खांडेकर काढायचेच. कला 'कलेसाठी की जीवनासाठी' हा फडके-खांडेकरांचा वाद काढला की वीस मिनिटं सहज निघतात.

आता पुस्तक. हातात एखादी पिवळी पडलेली प्रत हवी, फोटोत बरी दिसते. विकत कशाला घ्यायची? आदल्या रात्री कुणाकडून तरी 'जरा चाळतो' म्हणून मागा. माझ्याकडून 'दौलत' नेली, तशी. आजीची प्रत होती. रामबागेतल्या दीड खोलीत, सासऱ्यांचा डोळा चुकवून वाचलेली, वर कहाण्यांच्या पुस्तकाचं कव्हर शिवलेलं. एका पानाच्या समासात पेन्सिलीनं 'मामंजी आले', तीन पानांनंतर 'मामंजी गेले'. पाहुण्यांनी नेमकं तेच पान काढलं आणि बायकी आवाज काढून वाचलं. समासासकट! सभागृह खो खो हसलं. मग शाल, श्रीफळ, कचोरी, आणि रात्रीच्या स्लीपर बसनं पाहुणे पुण्याला रवाना. सोबत आजीची 'दौलत'. मी फोन केला तर म्हणे, 'बॅगेतच असेल कुठेतरी.' दुसऱ्यांदा, 'पाठवतो हो, घाई काय?' तिसऱ्यांदा उचललाच नाही. चौथ्यांदा नंबर व्यस्त. पाचव्यांदाही व्यस्त. इतका व्यस्त माणूस दीड तास बोलायला सवड कुठून काढतो?

अहो, फडक्यांच्या नायकांचा मलाही कंटाळा येतो. पैशाची ददात कुणालाच नाही, नायिका एकजात सुंदर, आणि त्या घरांत भांडी कोण घासतं ते शेवटपर्यंत कळत नाही. पण हे मी वाचून म्हणते. तुम्हाला 'दौलत'च्या नायिकेचं नाव विचारलं, तर तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. मी पाहिलंय. सत्तराहून जास्त कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसावर बोलायला आलात आणि एक धड वाचून आला नाहीत? मानधनाचं पाकीट मात्र न विसरता खिशात घातलंत.

आणि पुढच्या रांगेत हसणाऱ्यांनो, तुम्हाला काही लाज? तुमच्या आया आमच्याच घरून ही पुस्तकं पदराखाली लपवून न्यायच्या. आजीच्या वहीत नावं आहेत. निम्मी पुस्तकं अजून यायचीत!

पाहुणे, प्रत पाठवा. कुरिअरचे पैसे मी देते. आणि समासातलं पेन्सिलीचं खोडू नका.