विचारणं आणि सांगणं

मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होतो. त्यात नेहमीचा रकाना होता, 'कुटुंबाचं एकूण वार्षिक उत्पन्न'. माझा आकडा घेतला, बायकोचा त्यात मिळवला, बेरीज लिहिली आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "कागदावर किती पटकन एक झालं रे!"

मी हसण्यावारी नेलं खरं, पण वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण अर्थशास्त्रानेही बरीच वर्षं हीच बेरीज केली. घर म्हणजे जणू एकच माणूस, एकच पाकीट, एकच आवडनिवड. पण अनेक माणसांच्या घराची आवडनिवड एक कशी धरायची? १९५६ मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी यावर तोड काढली ती अशी, की घरात एकमत आहे असं समजू. पुढे गॅरी बेकर यांनी त्यात प्रेमळ कुटुंबप्रमुख आणून बसवला. हा सगळ्यांचं भलं बघतो, ज्याला जे हवं ते वाटून देतो, त्यामुळे पैसा घरात कोणाच्या हातून आला याने खर्चात काही फरक पडत नाही. बेकर यांची थट्टा करायचा माझा हेतू नाही. घरात राबताना जातो तो वेळसुद्धा खर्चच असतो, हे १९६५ मध्ये नीट मांडून दाखवणारे तेच. पण त्या प्रेमळ प्रमुखाबद्दल वाचताना मला राहून राहून वाटतं, याच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का?

विचारलं नाही, पण तपासलं मात्र गेलं. तेही सरकारने नकळत करून दिलेल्या प्रयोगातून. ब्रिटनमध्ये मुलांसाठी करात सवलत मिळायची, ती बहुतेक घरांत बापाच्या पगारात दिसायची. १९७७ ते १९७९ या काळात ती टप्प्याटप्प्याने काढली आणि त्याऐवजी आईच्या हातात थेट भत्ता द्यायला सुरुवात झाली. म्हणजे पैसा त्याच घरात, फक्त खिसा बदलला. बेकर यांच्या हिशेबाने काही बदलायला नको होतं. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स या तिघांनी १९९७ मध्ये खर्चाचे आकडे तपासले, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय वृद्धांचं पेन्शन चांगलंच वाढलं. एस्थर डुफ्लो यांनी २००३ च्या अभ्यासात पाहिलं, की पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींचं वजन-उंची सुधारते. आजोबांना मिळत असेल तर तसा परिणाम दिसत नाही.

हे वाचून लगेच 'बायकांच्या हातात पैसा द्या, त्या उधळत नाहीत' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मुलांचं बघायची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडलेली असते, त्याचा पैसा मुलांकडेच जाणार. त्यात कसला आलाय देवीपणा?

शिवाय ही नुसती न्याय-अन्यायाची गोष्ट नाही, तोट्याचीही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये एकाच घरात नवऱ्याची शेतं वेगळी आणि बायकोची वेगळी असतात. क्रिस्टोफर उड्री यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की एकाच वर्षी, एकच पीक घेऊनही बायकांच्या शेतात कमी पिकतं. कारण खत आणि मजुरी पुरुषांच्या शेतांकडे जास्त जाते. तीच साधनं घरातल्या घरात नीट वाटली असती तर जे पिकलं असतं, त्यातलं सुमारे ६ टक्के असं वाया गेलं. एका छपराखाली राहणाऱ्या, एकमेकांच्या जिवावर असलेल्या माणसांनाही हे जमलं नाही.

आता आमच्या घराबद्दल. आम्ही दोघं कमावतो, ती माझ्यापेक्षा थोडं कमी. भांडणं फारशी नाहीत. पण त्या फॉर्मनंतर मी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला लागलो : घरात कोण 'विचारतं' आणि कोण 'सांगतं'.

मी म्हणतो, "हेडफोन मागवलेत, उद्या येतील." हे सांगणं झालं.

मुलगी लहान असताना बायकोने तीन वर्षं नोकरी सोडली होती. त्या काळात ती म्हणायची, "चपला अगदीच झिजल्यात, घेऊ का?" हे विचारणं. मी कधीही नाही म्हटलं नाही, आणि त्याचा मला बऱ्यापैकी अभिमानही होता. आता वाटतं, नाही म्हणायचा अधिकार माझ्याकडे आहे हे दोघांनीही गृहीत धरलं होतं, तिथेच सगळं आलं. नोकरी सोडण्याआधी ती अशी विचारत नव्हती. परत कामाला लागली आणि काही महिन्यांत ते 'घेऊ का' कधी गळून पडलं कळलंही नाही. माणसं तीच, प्रेम तेच. शिआपोरी वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळी १९८० च्या दशकापासून हेच गणितात मांडताहेत : घराचा निर्णय म्हणजे घरातल्या माणसांच्या वजनांचा मेळ, आणि ज्याच्या हाती स्वतःचा पैसा, त्याचं वजन जास्त.

फॉर्मवरचा रकाना यातलं काही बघत नाही. फार बारकाईने मोजणारे माणशी हिशेब करतात. एक पद्धत अशी, की पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि मुलाला ०.३ धरायचं, म्हणजे आमचं तिघांचं घर १.८ माणसांचं. भाडं आणि दिवे सगळ्यांत मिळून लागतात, म्हणून हे ठीक. पण आत सगळ्यांना सारखं मिळतं, हे तिथेही गृहीतच.

परवा बायकोचा फोन आला. "चष्मा बदलायला टाकलाय, शनिवारी मिळेल." तिने सांगितलं, विचारलं नाही. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कितीचा?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "तुझे हेडफोन कितीचे होते रे?"