गुरुजींनी लिहिलेला 1 जून

नोकरी कुठे आहे असं कुणी विचारलं की मी "हवेत" म्हणायचो. कोल्हापुरात हा विनोद पहिलं वर्षभर चालला. आता लोक पुढचंच विचारतात, "हवेत हाय ते कळलं वो. पण चढताय कुठनं?"

दुखणं तिथेच आहे.

वैमानिकाची ड्यूटी ज्या गावाहून सुरू होते आणि जिथे येऊन संपते, त्या गावाला बेस म्हणतात. तुम्ही राहता कुठे, आई-वडील कुठे, पोरांची शाळा कुठे, हा तुमचा घरगुती मामला. पहाटे चार पन्नासला माणूस बेसवर उभा दिसला की कंपनीचं समाधान होतं. मी आधी दिल्ली केली, मग मुंबई, आणि नवव्या वर्षी मला पुणे मिळालं. कोल्हापूर ते पुणे 230 किलोमीटर. आईने अंबाबाईची ओटी भरली. पुढची तीन वर्षं मी सुखात काढली, म्हणजे त्यातला बराचसा वेळ खंबाटकी घाटात काढला, पण सुखात.

मग कंपनीने पुण्यातली विमानं कमी केली. विमानं कमी झाली म्हणजे वैमानिक जास्त झाले. जास्त झालेल्यांना कुठे टाकायचं याची यादी एका दुपारी मेलवर आली. मी पेठनाक्याजवळ होतो आणि रेंज येत-जात होती. तशातच घरी फोन लावला.

"आई, बेस बदलला. कोल... (खरखर) ...ता."

"कोल्हापूर?"

"...होय, कोल... (खरखर)"

मी घरी पोचेपर्यंत गल्लीतल्या एकवीस घरांत पेढे गेले होते. कोलकाता हा शब्द मी दारात उभा राहून स्पष्ट उच्चारला तेव्हा आई म्हणाली, "आता पेढे परत मागायचे व्हय?" तेव्हापासून समोरचे आण्णा मला भेटले की हमखास विचारतात, "काय, पेढ्याचं काय झालं म्हणायचं?"

कोलकात्याला मीच का? तर नंबर. आमच्या धंद्यात माणसाला नाव असतं ते फक्त उद्घोषणेपुरतं. एरवी असतो तो सीनियॉरिटी नंबर. तुम्ही ज्या दिवशी कंपनीत रुजू झालात त्या दिवशी तो तुमच्या कपाळावर लिहिला जातो. कॅप्टन कधी व्हायचं, दिवाळीची रजा कुणाला, बेस कुठला, सगळं त्या नंबरावर. तुम्ही विमान कितीही अलगद उतरवा, नंबर हलत नाही. तो हलतो वरचा माणूस नोकरी सोडतो तेव्हा, नाहीतर 65 पूर्ण करतो तेव्हा. त्यामुळे आमच्याकडे पासष्टाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा फार मनापासून दिल्या जातात, आणि त्याही खालच्या नंबरांकडून. अमेरिकेत 2007 च्या डिसेंबरात निवृत्तीचं वय एकदम 60 वरून 65 केलं. वरचे बहुतेक सगळे बसल्या जागी बसून राहिले आणि तिथल्या खालच्यांची पाच वर्षं यादीकडे बघण्यात गेली. मी त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नाही, पण माझ्या सख्ख्या भावांपेक्षा ते मला जवळचे वाटतात.

मग कंपनीच का सोडत नाहीस, असं मेव्हणा विचारतो. तो बँकेत आहे, त्याला सुचतं. कॅप्टनला राजीनामा देऊन वर्षभर थांबावं लागतं, असा नियमच आहे. त्यानंतर नव्या कंपनीत नव्याने यादीच्या तळाशी, काल मिसरूड फुटलेल्या पोरांच्या खाली. म्हणजे रंकाळ्यातून बाहेर पडायचं ते कळंब्यात उडी मारण्यासाठी.

तर माझा नंबर 614. पुण्यात किती जणांना ठेवायचं ती रेघ पडली 613 वर. हा 613 आणि मी एकाच दिवशी रुजू झालेलो, एकाच बॅचचे. एका दिवशी रुजू झालेल्यांमध्ये मोठा कोण, ते आमच्याकडे जन्मतारखेवरून ठरतं. त्याची जन्मतारीख 27 एप्रिल. माझी त्याच वर्षीची 1 जून.

आता खरी गोष्ट सांगतो. मी 1 जूनला जन्मलेलो नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी, मार्चात, घरात शिळ्या पोळ्या असताना जन्मलो. आई त्या पोळ्यांसकट सांगते. पण कागल तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तारीख विचारायची पद्धत नव्हती. गुरुजी पोराकडे एकदा बघायचे आणि 1 जून लिहायचे. अर्धा वर्ग 1 जूनचा. सामुदायिक वाढदिवस व्हायचा नाही तो फक्त त्या दिवशी शाळेला सुट्टी असायची म्हणून. वडिलांनी म्हणे चाचरत मार्चचं सांगितलं होतं. त्यावर गुरुजी म्हणाले, "असू दे हो. पुढं नोकरी लागली तर अडीच महिने जास्त मिळतील."

मिळणार आहेत. पासष्टीला मला अडीच महिने जास्त मिळणार आहेत आणि ते मी कोलकात्यात काढणार आहे.

613 पुण्यातच आहे. त्याचं घर विमानतळापासून वीस मिनिटांवर. तो मला फोन करून "रहदारीने वैताग आलाय रे" म्हणतो.

आण्णांचा मुद्दा वेगळा आहे. "आपल्या उजळाईवाडीला विमान येतंय की. राजाराम महाराजांनी 1939 ला विमानतळ करून ठेवलाय, आता नवी इमारत पण झाली. तिथलं का चालवत न्हाईस?" मी सांगितलं, आण्णा, तिथे येतं ते एटीआर नाहीतर एम्ब्रेअर. माझं लायसन एअरबसचं. प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा. आण्णांनी सुपारी कातरत विचार केला. "म्हंजे ट्रक येतोय पण ट्रॅक्टर येत न्हाई." मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत तालमीत बातमी पोचली की मला अजून ट्रॅक्टर येत नाही.

आता जायचं कसं ते ऐका. घरातून पुणे, पुण्याहून विमानाने कोलकाता. विमान आमच्याच कंपनीचं, तिकीट जवळजवळ फुकट, फक्त ते सबलो. सबलो म्हणजे सगळे पैसेवाले बसून जागा उरली तर तुम्ही. आणि उरलेली जागा कुणाला? परत नंबर! पण इथे नुसत्या वैमानिकांचा नाही, सगळ्या कंपनीचा. मागच्या महिन्यात दोन जागा उरल्या. यादीत आम्ही पाच. नावं पुकारली ती हिशेब खात्यातल्या एका बाईंची, एकोणीस वर्षं नोकरी, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या यजमानांची. यजमान आमच्या कंपनीत नाहीत, ते पर्यटनाला निघालेले. त्या विमानाचा कॅप्टन माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. त्याने काचेतून मला हात केला. मीही केला. दुसरं काय करणार!

यातली खरी गंमत कागदावर आहे. ही सगळी वणवण कंपनीच्या दप्तरी विश्रांती म्हणून धरली जाते. ड्यूटी बेसवर संपली, पुढचा माणूस मोकळा. 1 जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली, तेव्हा आईने परत ओटी भरायची तयारी केली. मी तिला हिशेब मांडून दाखवला. सबलोची जागा मिळेपर्यंत तीन तास, विमानात पावणेतीन, लोहगाव विमानतळाहून स्वारगेट एक, गाडी मिळून रस्त्याने कोल्हापूर सव्वापाच. जायला बारा, यायला बारा. आधी घरी बारा तास मिळायचे, आता चोवीस. वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस आहे आणि माझा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, ते तीन दिवस सोडून लागतो, याबद्दल मी कुणालाच दोष देत नाही.

पहाटेची ड्यूटी असली की मी आदल्या दिवशीच कोलकाता गाठतो. त्यात मात्र थट्टा नाही. 2009 साली अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला कामावर आली होती. ते वाचल्यापासून मी घरचा एक दिवस सोडतो, झोप सोडत नाही.

झोपायला दमदमला, कोलकात्याच्या विमानतळाजवळ, एक खोली आहे. अमेरिकेतले वैमानिक अशा जागेला क्रॅशपॅड म्हणतात. आपल्याकडे कॉट बेसिस म्हणतात, आणि पुण्यात एमपीएससीची पोरं राहतात तेच हे, फक्त भिंतीवर चार पट्ट्यांचे शर्ट. आम्ही चौघं: गुवाहाटी, लखनौ, कोची आणि मी. चौघांचीही बदली नंबरामुळेच. खोलीत कॉट तीन आहेत, कारण चौघं एकाच वेळी जमिनीवर असण्याची शक्यता कमी, असं मालकाने हिशेबाने ठरवलं होतं. वैशाखात काळबैशाखीचं वादळ आलं आणि सगळी विमानं अडकली त्या रात्री तो हिशेब चुकला. मी सर्वांत ज्युनियर, म्हणून खाली झोपलो. आईने दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी मात्र त्या रात्री सर्वानुमते संपवण्यात आली.

गेल्या गुरुवारी स्वारगेटला रात्री साडेअकराची गाडी मिळाली. शेवटून दुसरी सीट. कंडक्टरने माझ्या बॅगेवरची पट्टी वाचली.

"पायलट हाय?"

"होय."

"मग एसटीनं?"

मी सगळं सांगितलं. शिरवळ येईपर्यंत सांगत होतो. बेस, यादी, 613. तो माझ्या शेजारी येऊन टेकला. "आमचं बी तेच की वो. मी गारगोटीचा. आपल्या डेपोला बदली मागून सात वर्षं झाली. यादीत एकेचाळिसावा होतो, आता अडतिसावा. तीन रिटायर झाले."

"कितव्या वर्षी होतात?"

"अठ्ठावन्न. तुमच्यात?"

"पासष्ट."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. काही बोलला नाही. उठला, पुढे गेला, परत आला, आणि न मागता माझे सुट्टे बारा रुपये हातावर ठेवले.