‘अर्धेच तेल बदलले’ या तक्रारीबाबत आमचे म्हणणे

सप्रेम नमस्कार. आपल्याला आमच्या धायरीच्या गॅरेजमध्ये दुपारभर ताटकळावे लागले आणि गाडी नेतानाही आपले समाधान झालेले नव्हते, याबद्दल दिलगीर आहे. मात्र ‘गिअरबॉक्समध्ये साडेसात लिटर तेल मावते, यांनी साडेतीनच बदलले, तीनदा बोलावून पैसे उकळतात, झटका तसाच आहे’ असे आपण एका ताऱ्यासह लिहिले आहे. त्याचा खुलासा करणे मला भाग आहे, कारण नवे ग्राहक हल्ली हेच वाचून आमच्याकडे यायचे की नाही ते ठरवतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पॅन (तळाचे तेलाचे ताट) उघडले की खालचे तेल निघते. टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व बॉडीतले (गिअर बदलण्यासाठी तेल इकडेतिकडे वळवणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांमधले आतच राहते. ही रचना गाडी बनवणाऱ्यांची आहे, आमची नव्हे. साडेसातातले साडेतीन लिटर बदलले की आत नवे तेल सुमारे ४७ टक्के होते, काही अंतर चालवून पुन्हा तेवढेच बदलले की ७२ टक्के आणि तिसऱ्या वेळी ८५ टक्के. हा हिशेब गाडी लिफ्टवर चढवण्यापूर्वीच मी आपल्याला कागदावर मांडून दाखवला होता. पैसेही साडेतीन लिटरचेच घेतले. चौथ्या बाटलीत उरलेले अर्धा लिटर तेल आपल्याच डिकीत ठेवले आहे, कृपया पाहावे.

मशीन लावून जवळपास सगळे तेल एकाच बैठकीत बदलता येते. ते मशीन आमच्याकडे आहे आणि त्याचे बिल आपल्या बिलाच्या दुपटीहून अधिक झाले असते, त्यामुळे उकळायचेच असते तर सोपा मार्ग तोच होता. परंतु आपली गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली, जुनी विकत घेतलेली आणि पूर्वी तेल कधी बदलले याची कोठेही नोंद नसलेली आहे. निघालेले तेल लालऐवजी काळपट तपकिरी होते, त्याला जळका वास होता आणि पॅनमधल्या चुंबकांवर करड्या चिखलाचा जाड थर होता. हे सर्व मुलांनी आपल्यासमोर धरले, तेव्हा आपण फोनवर बोलत होतात. अशा गिअरबॉक्समध्ये नवे तेल एकदम जोरात फिरवले तर साचलेली घाण सुटून व्हॉल्व बॉडीच्या बारीक वाटांमध्ये आणि सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या झडपांमध्ये) अडकण्याची भीती असते. याबाबत मेकॅनिकांमध्ये दोन मते आहेत हे मी नाकारत नाही, परंतु दुसऱ्याच्या गाडीवर जुगार खेळणे मला पटत नाही.

वेळेबद्दल एवढेच सांगतो की या गाडीत तेलाची पातळी ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून तपासायची असते. गरम तेल फुगते, त्यामुळे घाईने मोजले तर पातळी पुरेशी दिसते आणि प्रत्यक्षात तेल कमी राहते. आपण हिंजवडीहून भर रहदारीतून आलात, गिअरबॉक्स तापलेला होता आणि स्कॅनरवर तापमान उतरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

झटक्याविषयी सांगायचे तर ‘दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका’ ही नोंद गाडी घेतानाच जॉब कार्डावर केली होती आणि तिच्याखाली आपली सही आहे. तेल बदलल्यावर तो कमी होऊ शकतो, परंतु आतल्या क्लच प्लेट झिजल्या असतील तर कोणतेही तेल त्या भरून काढत नाही, हेही तेव्हाच सांगितले होते. शिवाय ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा दाखवावी असे बिलावर लिहिले असताना आपण आला नाहीत; आला असतात तर हे सारे समोरासमोर बोलता आले असते.

ग्राहकांना बसण्यासाठी अधिक चांगली सोय करण्याचा आमचा विचार आहे आणि अंदाजपत्रक अधिक स्पष्ट देण्याचाही प्रयत्न राहील. आपल्या दुसऱ्या वेळच्या कामाची मजुरी मी घेणार नाही, तेलाचे पैसे मात्र घ्यावे लागतील. येण्यापूर्वी एक फोन करावा, म्हणजे लिफ्ट मोकळी ठेवता येईल.