तेल खालून गळतं, म्हणून खालीच बघावं

सकाळी गाडी काढल्यावर अंगणात तेलाचा डाग दिसला, तर सर्वांत आधी त्यावर पायाने माती लोटावी. खानापूर भागात राहत असाल तर तांबडी, निपाणी-चिकोडीकडे असाल तर काळी, कुठलीही चालते. डाग झाकला की निम्मा रोग बरा होतो. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख. लिहायचा अधिकार विचाराल तर मी एका केए २२, म्हणजे बेळगाव पासिंगच्या सहाचाकी, सहा सिलिंडरच्या ट्रकचा मालक आहे. गाडी किती चालली ते नक्की सांगता येणार नाही. मीटर बंद पडल्यानंतरही तिने उसाचे चार-पाच हंगाम ओढलेत, आणि मीटर बंद पडला तेव्हाच ती म्हातारी होती.

गळती म्हणजे मुळात काही नाहीच, हे आधी मनाशी पक्कं करा. जुनं इंजिन आहे, थोडं तेल सोडणारच. आमचे ड्रायव्हर मामा याला कानडीत म्हणतात, "एन आगूदिल्ल." काही होत नाही. तुम्ही फक्त हिशोब करू नका. पंचवीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला, तर चोवीस तासांत साडेतीन लिटरच्या आसपास तेल जातं. अशा इंजिनात बसतंच मुळी पंधरा-सोळा लिटर. असले हिशोब करणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची कांडी, बघायचीच असेल तर गाडी उतारावर उभी करून, इंजिन बंद केल्या केल्या बघा. सपाट जागी लावून दहा मिनिटं थांबलात, तर तेल खरं किती आहे ते कळण्याचा धोका असतो.

आता मुख्य नियम. इंजिन धुऊ नका. त्याच्या अंगावर जो लेप बसलाय तो काही एका दिवसात बसलेला नाही. त्यात चोर्ल्याच्या घाटातली धूळ आहे, फडातलं पाचट आहे, कधीतरी सांडलेलं डिझेल आहे, कुणीतरी पुसून तिथेच विसरलेलं फडकं आहे. हे सगळं डिझेल आणि ब्रशने उतरवलं, पाणी मारून वाळवलं, मग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून आणली आणि बॅटरी (टॉर्च) घेऊन बघितलं, तर पहिली ओली जागा आपण होऊन समोर येते. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च चहापाण्याचा. एवढ्यात गळती सापडली तर पुढचे सहा महिने गॅरेजात बसून बोलायचं काय?

या नियमाला एकच अपवाद आहे, पासिंग. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दर वर्षी घ्यावा लागतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे इंजिनं धुतो. सर्व्हिसिंगवाला प्रेशरने असं पाणी मारतो की ओतीवावरचे नंबर वाचता येतात. दुसऱ्या दिवशी आरटीओच्या दारात उभं असलेलं ते इंजिन इतकं स्वच्छ असतं, की गळती कुठून सुरू होते हे शाळेतलं पोरसुद्धा बोट दाखवून सांगेल. म्हणून त्याच दिवशी बघायचं नाही. कागद हातात पडला की थेट लोडिंगला जायचं. वर्षातून एकदा गळती दिसू शकते, आणि तो दिवस आम्ही ती लपवण्यात घालवतो. याला नियोजन लागतं.

तेल कुठून येतं याबद्दल जुन्या मिस्त्रींचं एक मत होतं. तेल वरून खाली येतं, आणि गाडी पळत असली की पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्याने पुढून मागे जातं. तेव्हा थेंब कुठे पडतो ते बघू नये, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. मत चुकीचं नाही. पण वर बघायला केबिनच्या बुडात डोकं घालावं लागतं, मान वाकडी होते, कपाळाला काजळी लागते. खाली बघायला नुसतं उकिडवं बसलं की झालं. थेंब खाली पडतोय, डोळे खाली पोचतात, मग दोष खालीच असणार.

आमच्या गाडीचा थेंब क्लच हाऊसिंगच्या बुडातल्या भोकातून पडायचा. इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो ती ही जागा, म्हणजे गाडीचा सीमाभाग. इंजिनच्या मिस्त्रींना बोलावलं. ते वाकले, बघितलं आणि म्हणाले, "मालक, हे आमच्यातलं न्हवं. गिअरबॉक्सवाल्याला दावा." गिअरबॉक्सचा फिटर आला, तोही वाकला आणि म्हणाला, "सावकार्रे, इदु नम्दल्ल." म्हणजे हे आमचं नव्हे. सीमेवर ज्या जागेला दोन्ही बाजू 'आमची नाही' म्हणतात अशी मी पाहिलेली ही एकच. एरवी आमच्याकडे भांडण उलट्या बाजूने असतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या मानाने माझ्या क्लच हाऊसिंगचा निकाल फार लवकर लागला, दीड वर्षात.

खरं तर हा वाद बोटाने मिटतो. चालू डिझेल इंजिनातलं तेल काळंभोर असतं, भरल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. गिअरबॉक्सचं तेल दाट असतं, त्या मानाने उजळ, आणि त्याला गंधकाचा असा वास मारतो की एकदा घेतलेला विसरत नाही. थेंब बोटावर घ्यायचा, नाकाशी न्यायचा, झालं. पण तुम्ही हे करू नका. दोन कारागिरांमध्ये उभं राहून मालकाने बोट हुंगत बसावं हे बरं दिसत नाही.

मी नाही हुंगलं. सरळ क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील बदलायचं ठरवलं, कारण सगळ्यांत महागाचा दोष असेल तर तो आपल्याच गाडीला असणार अशी आपली एक श्रद्धा असते. सील हातावर घेतलं तर कागदागत हलकं. ते जिथे बसतं तिथे पोचायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील. दोन दिवस गाडी ठोकळ्यांवर होती. नवं सील बसलं. तिसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या रांगेत उभी असताना खाली बघितलं, तर भोकातून थेंब. जुन्याच्याच लयीत.

इथे सल्ला असा की जिद्द सोडू नका. तेच सील पुन्हा बदला, दुसऱ्या दुकानातलं आणा. आम्ही आणलं.

दरम्यान आमचा क्लीनर एक वाक्य धरून बसला होता. "मालक, वरनं येतंय ते." एकदा त्याने केबिनखाली हात घालून, इंजिनाच्या पार मागच्या टोकाला बोट फिरवलं आणि काढून दाखवलं. बोट पेरापर्यंत काळं, तेल अजून कोमट. मामा म्हणाले, "गप बस. टायरची हवा बघ जा." क्लीनरचं ऐकायचं नसतं. तो रोज गाडीखाली झोपतो, त्यामुळे त्याची नजर साफ नसते.

या मधल्या काळात काय काय करावं ते थोडक्यात सांगतो. १५डब्ल्यू-४० तेल सोडून त्याहून दाट २०डब्ल्यू-५० घाला. दाट तेल गळणार नाही म्हणतात. ते गरम झालं की गळतं आणि थंडीत सकाळी वर चढायला उशीर करतं, पण डबा जड लागतो, समाधान वाटतं. गळती बंद करणारी बाटली ओता. तिच्याने रबरी सील जरासं फुगतं. कागदाच्या पॅकिंगला किंवा चिरलेल्या चेंबरला (इंजिनाच्या बुडातल्या तेलाच्या टाकीला) ती काही करत नाही, पण बाटलीवरचं चित्र सुंदर असतं. ड्रेन नटाचा तांब्याचा वायसर तोच तो दहा वेळा वापरा. चेंबरचे बोल्ट घाम येईस्तोवर आवळा, म्हणजे पत्र्याची कड वाकून जिथे गळत नव्हतं तिथेही गळेल. आणि सिलिकॉन. हे सढळ हाताने लावायचं. बाहेर निघालेलं बोटाने पुसता येतं. आत निघालेलं सुटून तेलाच्या जाळीवर जाऊन बसतं आणि इंजिनाचं तेल अडवतं, पण ते दिसत नाही, आणि न दिसणारं मोजायचं नाही हे आपण आधीच ठरवलंय.

आमच्या बेळगावात उद्यमबागेत क्रँकशाफ्ट तयार होतात. हायड्रॉलिकची सिलिंडरं बनतात, ज्यांच्या आत शेकडो बारचा दाब असतो आणि दांड्यावर थेंब दिसला तर माल परत येतो. त्याच गावात माझी गाडी टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून, गळत होती, जिथे दाब म्हणावा असा नसतोच, तेल नुसतं उडत असतं.

हो, टॅपेट कव्हर. अखेर ते कसं सापडलं हे सांगायला जरा लाज वाटते, कारण ते कुणी शोधलं नाही. पासिंगसाठी गाडी धुतली होती आणि तारीख पुढे ढकलली गेली. धुतलेली गाडी नाइलाजाने संकेश्वरपर्यंत भाड्याला न्यावी लागली. परत आल्यावर क्लीनरने न विचारता बॅटरी लावली. आमच्या इंजिनाला सहा सिलिंडरांवर सहा वेगळी टॅपेट कव्हरं आहेत. पाच कोरडी होती. सहावं, सगळ्यात मागचं, केबिनच्या बुडात लपलेलं, मागच्या अंगाने ओलं होतं. तिथून एक बोटभर रुंद काळा ओघळ हेडच्या पाठीवरून उतरून क्लच हाऊसिंगवर गेला होता, आणि पुढे आमच्या त्या भोकाकडे. कव्हर काढलं तर पॅकिंग पापडासारखं कडक, उचलताना त्याचे चार तुकडे झाले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. नवं पॅकिंग बसलं आणि आठ दिवसांत तेही ओलं झालं. तेव्हा शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री सहज चहाला आले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं, आणि चौथ्या-पाचव्या उडीला खाली पडलं. म्हातारा म्हणाला, "हिचा श्वास कोंडलाय की वो." रिंगा झिजल्या की जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो, त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती बुजली तर आत दाब धरतो आणि सगळ्यांत कच्च्या पॅकिंगमधून तेल ढकलून काढतो. तुम्ही सील बदला, पॅकिंग बदला, दाब पुढची कच्ची जागा शोधतो. आमची नळी काढली. आत निम्मी तेलाची राब होती आणि तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, गाडी पावसाळ्यात चार महिने उभी होती तेव्हाचं. तारेने टोचल्यावर अख्खं घर एका तुकड्यात बाहेर आलं, आत मेलेली एक हिरवी अळी. दोन्ही जुनी सीलं आणि ते घर मी टूलबॉक्सवर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो. नळी साफ झाल्यावर झाकण नुसतं थरथरलं, पडलं नाही. रिंगा जुन्याच आहेत, त्यामुळे तेवढं चालायचं.

तुम्हाला एवढा वेळ नसेल तर शेवटचा उपाय, गाडी विका. आदल्या दिवशी धुवा, कांडीवर तेल वरच्या खुणेपर्यंत आणा आणि अंगणातला डाग मातीने झाका. कागलपलीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक असेल तर एनओसीचं (ना-हरकत दाखल्याचं) बोलणं आधीच काढा, म्हणजे त्याचं लक्ष कागदात राहील. तो टायर बघेल, बॉडीवर थाप मारेल, हॉर्न वाजवेल, बघू द्या. पण त्याने इंजिन चालू ठेवायला सांगून तेलाचं झाकण मागितलं, किंवा खाली अंथरायला पुठ्ठा आहे का असं विचारलं, तर चहा पाजून वाटेला लावा. तो गाडी घ्यायला आलेला नाही.