सरकते दरवाजे की बिजागरी? सुतारदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. स्वयंपाकघरातल्या कपाटांना सरकते दरवाजे बसवले त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पंचवीस वर्षं सुतारकाम करताय, असले दरवाजे सहा महिन्यांत अडकतात, चॅनलमध्ये, म्हणजे दार सरकतं त्या खाचेत, पीठ बसतं, पावसाळ्यात प्लाय फुगतो, कपाट कधी पूर्ण उघडतच नाही. बिजागरी सोडायला लावून लोकांना खर्चात पाडू नका, असं तुमचं म्हणणं.

कपाट पूर्ण उघडत नाही हे अगदी खरं. दोन दारं एकामागे एक सरकणार म्हणजे एका वेळी निम्मंच उघडणार. वर दोन्ही दारांची जाडी आतली दीडेक इंच जागा खाते. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. कट्ट्याखाली मोठी पातेली ठेवायची असतील तर तिथं सरकतं दार लावू नका, असं मीही सांगेन. तिथं ट्रॉल्याच बऱ्या.

पण कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं स्वयंपाकघर सहा फूट रुंद आहे. एका भिंतीला दोन फुटांचा कट्टा, समोरच्या भिंतीला सव्वा फुटाची कपाटं. मध्ये उरतात पावणेतीन फूट. दीड फुटाचं दार उघडलं की आईला उभं राहायला सव्वा फूट. गॅसवर रस्सा उकळत असताना ती मसाल्याचा डबा घ्यायला मागं वळली आणि उघड्या दाराचा कोपरा भुवईवर बसला. दोन टाके पडले. आम्ही खर्च केला तो यासाठी.

आता अडकण्याचं. तुमच्याकडे दुरुस्तीला आलेली दारं उंच आणि अरुंद होती का, आठवून बघा. तसं दार एका कडेनं ओढलं की तिरकं होतं आणि खाचेत आवळतं. आमच्या कपाटाचा गाळा चार फूट रुंद आणि दोनच फूट उंच आहे. एकावर एक इंचभर चढावीत म्हणून दोन्ही दारं साडेचोवीस इंचांची केली. रुंदी उंचीपेक्षा जास्त, त्यामुळे ती सरळ चालतात. वरची खाच खालच्यापेक्षा दुप्पट खोल ठेवली. दार वर उचलायचं, खालची कड बाहेर घ्यायची, की अख्खं दार हातात येतं.

पिठाचं उत्तरही यातच आहे. रोज भाकरी होणाऱ्या घरात पीठ उडणारच. दार काढून चॅनल जुन्या टूथब्रशनं झाडायला पाच मिनिटं लागतात. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करायची तेव्हा आम्ही दारं काढून बाजूलाच ठेवतो आणि नंतर मोरीत धुऊन पुसून परत लावतो. बिजागरीचं दार असं निघतं का? एक मात्र सांगते, चॅनलमध्ये तेल कुणी घालू नये. त्यात पीठ मिसळून चिकट राप धरतो. मेणबत्ती घासली तरी पुरते.

प्लाय फुगण्याची तुमची भीती रास्त आहे. आपल्याकडे आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. म्हणून खाच लाकडात न कोरता अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल घेतलं, दारांना आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन, चार सुती (अर्धा इंच जाड) प्लाय वापरला आणि चारही कडा पट्टी लावून बंद केल्या. फुगतो तो उघड्या कडेतून पाणी पिऊन. वर एक सूत मोकळीकही ठेवली आहे. दोन पावसाळे झाले, रंधा लावावा लागलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र मला तुमचाच सल्ला हवा आहे. पुढच्या दाराला मूठ चालते, पण मागच्या दाराला लावली की ती पुढच्याला अडते आणि तेवढं उघडणं कमी होतं. म्हणून तिथं बोट घालायला खोलगट वाटी बसवली. आईची बोटं आता आखडतात, तिला ती धरवत नाही. तुमच्या हातून असं काम कधी झालं असेल तर काय केलंत ते कळवा.